वळिवड्याची छावणी आणि आपला वर्ग



दिवाळीत कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ पाहिला. स्टालिनच्या राजवटीने १९४० पासून सैबेरियात हाकललेले, उपासमारीतून वाचलेले सुमारे ५००० जण, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ जवळच्या वळिवड्याला राहिले. पुढे त्याच बराकींत फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं राहिली. आजचं गांधीनगर ते हेच.

मुलुंड कॉलनीतली माझी बाकावरची मैत्रीण आठवली. तिची आजी सिंधमधून आलेली. आजीच्या हातची कोकी मी डब्यातून रोज पळवायचे, पण तिला कधी काही विचारलं नाही. बाई, तुम्ही शिकवलेली फाळणी आम्ही पाच मार्कांपुरती पाठ केली!

परवा मैत्रिणीला फोन केला. आजी केव्हाच गेली. "अगं, मी तरी कुठे विचारलं?" ती म्हणाली.