ताळा



चिखलीहून उंद्रीला येताना आज माझं लक्ष रस्त्यावरच होतं. सवयच ती! रस्ता न खोदता डांबराच्या थराची जाडी सांगणाऱ्या रडारचं सॉफ्टवेअर मी लिहिते. गाडीला लावलेल्या अँटेनातून रेडिओलहर खाली जाते आणि थर संपतो तिथून काही अंशी परत फिरते. गणित आपल्या शाळेतलंच : वेग गुणिले वेळ, आणि लहर जाऊन-येऊन म्हणून भागिले दोन.

एकदा पावसानंतर मोजणी झाली. माझ्या प्रोग्रॅमने साडेनऊ सेंटिमीटर दाखवले. रस्त्याचा गोल नमुना, म्हणजे कोअर, कापून पाहिला, तर आठच! ओल्या थरात लहर मंदावते. मी वेग कोरड्या डांबराचा धरला होता. त्या आकड्यावर कंत्राटदाराचं बिल निघणार होतं. मी चूक कबूल करून अहवाल मागे घेतला. तेव्हापासून कोअरशी ताळा जमल्याशिवाय आकडा देत नाही.

सर, उत्तर बरोबर असलं तरी ताळा नाही म्हणून तुम्ही वही परत करायचात. तेव्हा राग यायचा.