कपाटातील पुस्तके आणि कोपीतील मुले

(बारामती एमआयडीसीतील कामगार आणि परिसरातील प्राथमिक शिक्षक यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कंत्राटी पद्धत, किमान वेतन, बोनस असे रोकडे प्रश्न समोर उभे असताना प्राथमिक शाळेतील वाचन हा विषय कामगारांच्या सभेत कशासाठी, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. निवृत्त प्राध्यापकाची ही चैन आहे, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्याला आपल्या नेमणुकीचा कागद स्वतः वाचता येत नाही, त्याला कंत्राटदार सांगेल ते खरे मानावे लागते. एवढा एक मुद्दा सांगून मी थांबलो असतो, तरी विषय आपल्या सभेचाच ठरला असता. मला मात्र त्याच्या पुढे जायचे आहे. श्रमिकाच्या मुलाला अर्ज आणि पावती वाचता आली की पुरे, गोष्टीची पुस्तके ही सुखवस्तू घरांतील मुलांसाठी, अशी एक वाटणी आपल्या मनांत नकळत होऊन बसली आहे. ती वाटणीच मला मान्य नाही.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हा प्रश्न अर्थशास्त्राच्या भाषेत मांडला होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. लोकल फंडाचा निदान निम्मा भाग केवळ प्राथमिक शिक्षणाकडे द्यावा आणि शिक्षकाला बारा रुपयांहून कमी पगार असू नये, अशा नेमक्या मागण्या त्यांनी केल्या. पुढे १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आज गावोगाव शाळा आहे आणि जवळजवळ प्रत्येक मुलाचे नाव पटावर आहे. हे यश लहान नाही. पण पटावर नाव आणि हातात पुस्तक यांत अंतर पडले आहे. ‘असर’च्या पाहणीत ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांना दुसरीच्या पातळीचा साधा मजकूर वाचावयास देतात. २०१८ साली शंभरातील सत्तावीस मुलांना तो वाचता आला. टाळेबंदीनंतर, २०२२ साली, वीस-एकवीस मुलांना. २०२४ च्या पाहणीत ही घसरण बरीचशी भरून निघाली, असे समाधानाने सांगितले जाते. परंतु भरून निघाली म्हणजे आपण पुन्हा सत्तावीसांवर आलो. उरलेल्या त्र्याहत्तर मुलांचे काय?

वाचता न येणे म्हणजे अक्षर न ओळखणे, असा समज आहे. वर्गात जाऊन पाहिले तर निराळेच दिसते. मुलाला क येतो, म येतो, ल येतो. तो बोट ठेवून तिन्ही अक्षरे म्हणतो, पण त्यांतून कमळाचे फूल त्याच्या डोळ्यांपुढे येत नाही. काना, मात्रा, वेलांटी सोडविताना त्याची एवढी शक्ती खर्च होते की वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत वाक्याची सुरुवात निसटलेली असते. यावर उपाय म्हणून आपण त्याच्याकडून बाराखडी आणखी घोटून घेतो. घोटणे वाईट नाही, काही प्रमाणात ते आवश्यकच आहे. पण अक्षराची ओळख सरावाने अंगवळणी पडावी लागते, म्हणजे मग लक्ष अर्थाकडे मोकळे होते. आणि तो सराव एका पाठ्यपुस्तकावर होत नाही. तेच धडे वर्षभर ऐकून मुलाला पाठ होतात, आणि पाठ झालेला धडा म्हणणे हे वाचन नव्हे. एम.ए.च्या वर्गांतसुद्धा गाइड तोंडपाठ असलेले आणि अनोळखी परिच्छेद समोर ठेवल्यावर अडखळणारे विद्यार्थी मी वर्षानुवर्षे पाहिले. त्यांचे मूळ पहिली-दुसरीत आहे. सरावासाठी सोपी, नवी, भरपूर पुस्तके लागतात, आणि मुलाला ती उघडावीशी वाटली पाहिजेत. पुस्तकांची गोडी ही वाचन आल्यानंतर द्यावयाची बक्षिसी नाही. वाचन यावे म्हणूनच ती लागते.

ही गोडी कानांतून लागते, हे आपल्या मुलखाला नव्याने सांगण्याची गरज नाही. श्रावणात देवळात हरिविजय किंवा पांडवप्रताप लावला जाई, तेव्हा वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास असत. मोरोपंतांची ही बारामती. त्यांच्या आर्या कीर्तनकारांच्या मुखातूनच अक्षरशत्रू माणसांपर्यंत गेल्या. निरक्षर शेतकऱ्यालाही ग्रंथातली भाषा परकी वाटत नसे, कारण ती त्याच्या कानांवरून गेलेली असे. (वाचणारा कोण आणि पायरीखाली बसून ऐकणारा कोण, हे जातीवरून ठरत असे, हेही विसरता कामा नये.) क्यूबातील चिरूट वळणाऱ्या कामगारांनी हीच गोष्ट आपल्या हक्काची करून घेतली. १८६५ पासून हवानाच्या कारखान्यांत एक वाचक उंच बैठकीवर बसून वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचू लागला. त्याचा पगार मालक देत नसे, कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. दुसऱ्याच वर्षी स्पॅनिश सत्तेने त्यावर बंदी घातली. गोष्टी ऐकणाऱ्या मजुराची सरकारला भीती वाटावी, ही बोलकी गोष्ट आहे.

आता आपल्या शाळेतील कपाटाकडे वळू. पुस्तके नाहीत, अशी तक्रार नेहमी होते. ती पूर्ण खरी नाही. १९८७ पासूनच्या खडू-फळा योजनेत शाळांना पुस्तके मिळाली, त्यानंतरही वेगवेगळ्या योजनांतून मिळत गेली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात तर प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे स्वच्छ लिहिले आहे. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे. मग मुलांच्या हातांत काय आहे? अनेक शाळांत पुस्तके कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात, असा प्रकार आढळतो. याचा दोष शिक्षकाच्या वृत्तीला देणे सोपे आहे. मला तो हिशेबाच्या पद्धतीत दिसतो. पुस्तक शाळेत आले की त्याची नोंद जडवस्तूंच्या नोंदवहीत, टेबल, खुर्ची आणि घंटेच्या शेजारी होते. घंटा वीस वर्षे टिकते. सहा वर्षांच्या मुलाने खरोखर वाचलेले पुस्तक दोन वर्षांत फाटते, आणि ते फाटलेच पाहिजे. पण तपासणीला फाटके किंवा हरवलेले पुस्तक म्हणजे वसुलीचा धाक. ज्याला पुस्तक दिल्याबद्दल शाबासकी नाही आणि हरवल्याबद्दल जाब आहे, असा कोणताही शहाणा माणूस कुलूपच लावील. म्हणून माझी मागणी अगदी रुक्ष आहे. प्राथमिक शाळेतील गोष्टींची पुस्तके खडूप्रमाणे वापरून संपणारी वस्तू मानावीत, दरवर्षी ठराविक हिस्सा विनाचौकशी खर्ची टाकावा आणि तेवढी नवी खरेदी व्हावी. खडू का झिजला, असे आपण कोणत्याही गुरुजींना विचारीत नाही.

२०१५ पासून पंधरा ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या दिवशी कपाट उघडते, छायाचित्र निघते आणि कपाट बंद होते. कारखान्यांच्या सामाजिक निधीतून शाळांना पडदे आणि यंत्रे मिळतात, त्यांचेही तसेच. यंत्राला माझा विरोध नाही. पण पडद्यापुढे बसलेल्या चाळीस मुलांना एकाच वेगाने पुढे जावे लागते. पुस्तकाचे पान मूल स्वतः उलटते, मागे जाते, एका चित्रावर रेंगाळते.

शिक्षकांविषयी एक शब्द. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या दारात जाऊन शिकविले. लीला पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढले. मूल ज्या भाषेत आणि ज्या अनुभवात वाढते, तेथून शाळेने सुरुवात करावी, हे या मंडळींनी करून दाखविले आहे. काटफळ-गोजुबावीच्या बाजूला खोली घेऊन राहिलेल्या बिहारी कामगाराच्या मुलाला आधी मराठी कानांवर पडू द्यावी लागेल, मग डोळ्यांपुढे. त्यासाठी शिक्षकाला वेळ हवा. तो माहिती भरण्यात आणि सर्वेक्षणांत जात असेल, तर त्याला व्याख्याने देण्यात अर्थ नाही.

सर्वांत बिकट प्रश्न ऊसतोडणी मजुरांच्या मुलांचा आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता; मुकादमाची उचल फिटेपर्यंत त्यांना पाचसहा महिने हलता येत नाही. मुलाचे नाव गावच्या शाळेत आणि मूल येथे उसाच्या फडात. १९९० नंतर साखरशाळा निघाल्या. शिक्षणहक्क कायद्यानंतर त्या बहुतेक ठिकाणी बंद झाल्या आणि मुलांनी जवळच्या नियमित शाळेत बसावे किंवा गावीच हंगामी वसतिगृहात राहावे, असे धोरण आले. कागदावर ते योग्य आहे. परंतु पहाटे फडावर जाणारी आई धाकट्याला थोरलीवर सोपवून जाते, आणि थोरली आठ वर्षांची असते. वाचन अंगवळणी पडण्याच्या नेमक्या वयात तिचे प्रत्येक वर्षातील निम्मे वर्ष असे जाते. सहकारी साखर कारखानदारीने या मुलखात जी संपत्ती निर्माण केली, तिच्या ताळेबंदात हे वर्ष कोठेही नोंदलेले नाही. तोडणीच्या दराच्या करारात मुलांच्या शिक्षणाचा खर्च कारखान्याने आणि शासनाने उचलण्याचे कलम हवे, आणि ते मागण्याचे काम संघटनेचे आहे.

तोपर्यंत आपण काय करू शकतो? कायद्याने प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आहे, तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपल्यापैकी किती जण या समितीच्या बैठकीला जातात? तेथे जाऊन पुस्तकांची नोंदवही पाहावयास मागा, कपाट रोज उघडण्याचा ठराव करा, फाटलेल्या पुस्तकांची जबाबदारी समितीच्या नावावर घ्या. दुसरे असे की, सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात खेड्यांकडे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात असत. तशी पेटी टोळीबरोबर कोपीवर जाऊ शकते. तीस-चाळीस पातळ, चित्रांची, मोठ्या अक्षरांची पुस्तके पुरतात. संध्याकाळी अर्धा तास मोठ्याने वाचून दाखविण्यासाठी पाळी संपवून आलेला कोणताही वाचता येणारा कामगार चालेल, बी.एड.ची अट नाही. पुस्तकांसाठी महिन्याला एका चहाचे पैसे प्रत्येकाने द्यावेत, असे मी सुचवितो. पुस्तकांची यादी शिक्षकमित्रांनी करावी, आणि लवकर करावी, कारण दिवाळीच्या सुमारास पहिल्या टोळ्या फडांवर उतरतात.