चिंतामणरावांची खुर्ची आणि आपला कापूस

(परभणी येथे गिरणी कामगारांपुढे केलेले भाषण)



परभणीच्या मोंढ्यात उभे राहून दिल्लीच्या अर्थमंत्र्याची गोष्ट कशाला सांगता, असे तुम्ही विचाराल. सूत कातणाऱ्याचा आणि अंदाजपत्रक मांडणाऱ्याचा संबंध तो काय? संबंध आहे! आपल्या सेलू-मानवतच्या कापसाची सरकी इथे निघायची, गाठी इथे बांधल्या जायच्या, आणि त्या गाठी मुंबईच्या वाटेला लागायच्या. त्यांच्या मागोमाग आमची माणसंही गिरणगावात गेली. ती मुंबई कोणाची, या एका प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले.

हा माणूस कोण? महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेला. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारा, आय. सी. एस.च्या परीक्षेत पहिला आलेला. १९४३ साली तो रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर झाला. त्या वेळी आम्ही निजामाच्या अमलाखाली होतो; बाजारात हाली रुपया निराळा, कलदार निराळा. १९५० साली ते देशाचे अर्थमंत्री झाले. १९५२ साली कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती त्यांच्याच काळात, १९५५ साली. आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतला तोही त्यांच्याच काळात, १९५६ च्या जानेवारीत.

खरे बोलायचे तर चिंतामणराव आपल्यातले नव्हते. त्यांनी कधी हातात धोटा धरला नाही, खांद्यावर बावटा घेतला नाही. इंग्रजाच्या नोकरीत वाढलेला, शिस्तीचा माणूस. म्हणूनच त्यांनी काय केले ते नीट ऐका.

१६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी जाहीर केले की, मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील. मराठवाडा महाराष्ट्रात यायचा, पण मुंबई वगळून! म्हणजे कापूस आपला आणि गिरणी परकी! मुंबईचा कामगार रस्त्यावर उतरला. गोळीबार झाला, माणसं पडली. चौकशीची मागणी झाली, ती सरकारने फेटाळली. चिंतामणरावांनी राजीनामा पुढे केला. तो मंजूर व्हायला जुलै उजाडला. मग लोकसभेत उभे राहून त्यांनी तोंडावर सांगितले की, एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता झाला आणि गोळीबाराची चौकशीही होत नाही. बाकीच्या कितीकांनी त्या वेळी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे.

पण एका राजीनाम्याने राज्य मिळत नाही, दादांनो. १ नोव्हेंबर १९५६ ला आपल्या पदरात पडले ते गुजरातसह द्विभाषिक. परभणी त्यात आली, मुंबईही आली, पण मराठी राज्य आले नाही. ते आले १ मे १९६० ला. त्यासाठी शंभराहून अधिक हुतात्मे झाले. त्यांत गिरणीत राबणारे किती होते, ते हुतात्मा चौकाला विचारा. मंत्र्याने खुर्ची दिली, कामगाराने जीव दिला. दोन्हींचा हिशेब एकाच वहीत ठेवा, पण रकमा सारख्या मांडू नका.

पुढे चिंतामणराव विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६९ साली राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि हरले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत वारले. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप पुकारला होता. नंतर एकेक गिरणी बंद पडली, जमिनींवर मनोरे उठले. जिच्यासाठी रक्त सांडले त्या मुंबईत कामगाराला खोली मिळेना!

मग आपण हरलो काय? नाही. राज्य मिळाले म्हणून भांडायला आपल्या भाषेतले सरकार समोर आहे. बेळगाव-निपाणीच्या मराठी माणसाला तेवढेही नाही. निजामाच्या राज्यात आपल्याबरोबर असलेली भालकी आज कर्नाटकात आहे. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आपल्या दारी मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण एकच विचारू: सीमेसाठी आणि कामगाराच्या घरासाठी वेळ आली, तर खुर्ची सोडाल काय? चिंतामणरावांनी सोडली होती!

बेळगाव, कारवार, निपाणी, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!