सावर्ड्याचा जुना पूल
(मंडळाच्या कुडचडे येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेतला कारकून भाषणाला उभा राहिला की हा आता आकडे वाचणार, अशी श्रोत्यांना धास्ती वाटते. आकडे थोडेच सांगू. आज आम्हाला बोलायचे आहे ते सावर्डे आणि कुडचडे जोडणाऱ्या त्या जुन्या पुलाबद्दल, जो १८ मे २०१७ रोजी संध्याकाळी माणसांसकट नदीत कोसळला.

आमची पिढी मुक्तीनंतर वीसेक वर्षांनी जन्मली. पूल पोर्तुगीजांच्या वेळचा, एवढेच आम्ही ऐकत आलो. घरातली वडीलधारी त्याला साधा ‘सांकव’ म्हणत. नदीच्या दोन काठांवरची ही दोन गावे, पण रेल्वे स्टेशनच्या पाटीवर दोघांची नावे एकत्र. नातीगोतीही तशीच. मामाचे घर पलीकडे, बाजार अलीकडे. जत्रेतले मराठी नाटक पाहून पहाटे परतताना आम्ही पोरे ह्या पुलाच्या कठड्याला टेकून बार्जी मोजायचो.

बार्जी मोजणे हा आमचा पहिला हिशेब. रिवण, कोळंब भागातल्या खाणींतली माती ट्रकांनी नदीवरच्या धक्क्यांवर यायची, बार्जींत भरायची आणि भरतीचे पाणी साधून जुवारीच्या वाटेने मुरगाव बंदराला जायची. वाळत घातलेले कपडे तांबडे, झाडांची पाने तांबडी. आई कटकट करायची, पण घरोघरी चूल त्याच तांबड्या मातीवर पेटत होती, हेही खरे.

पुढे आम्ही बी. कॉम. होऊन बँकेत लागलो आणि तीच माती कर्जखात्यांत दिसू लागली. २०१०-११ साली गोव्यातून ५ कोटी टनांच्या पुढे खनिज बाहेर गेले. ज्याला त्याला ट्रक काढायचा होता. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०१४ साली वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी झाली, पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने लीजांचे नूतनीकरणच रद्द झाले. हप्ते थकलेल्यांत आमचे वर्गमित्र होते. मित्राला जामीन राहिलेले काका काउंटरवर येऊन विचारायचे, ‘बाबा, माझी ठेव अडकणार काय रे?’ नोटीस टाइप करणारे हात आमचेच होते.

ह्या सगळ्या वर्षांत पुलाकडे कोणी पाहिले नाही. तो वापरासाठी बंद होता. बंद म्हणजे कागदावर बंद. त्या दिवशी एका तरुणाने नदीत उडी घेतली होती. शोध चालू होता आणि तो पाहायला लोक बंद पुलावर जमले. पूल वाकला आणि सुमारे पन्नास माणसे पाण्यात गेली. बहुतेक पोहून बाहेर आली, सगळी आली नाहीत.

तेव्हा ‘बघ्यांची गर्दी’ म्हणून बोट दाखवले गेले. आम्हाला ते पटत नाही. ज्या कठड्याला आपण लहानपणापासून टेकत आलो, तो एक दिवस हात सोडेल असे कोणाच्या मनात येते? गर्दी होणारच, हे धरूनच बंद पूल अडवायचा असतो. नाहीतर तो उतरवायचा. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल असाच पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला, ४ जण गेले. गोमंतकीयांना तर ५ जुलै १९८६ ला पडलेला मांडवीचा पूलही आठवत असेल. तो जुना नव्हता, १९७० च्या सुमाराचा होता. म्हणजे नुसते वय पाहूनही भागत नाही.

म्हणून मंडळापुढे आमचा ठराव असा आहे. सांगे, केपे, धारबांदोडा, डिचोली, सत्तरी ह्या खाणपट्ट्यातल्या जुन्या पुलांची आणि सांकवांची यादी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे माहिती अधिकाराखाली मागावी. कोणते बंद, कधीपासून, आणि तोंडाशी भिंत घातली आहे की नुसती पाटी, हे विचारावे. अर्ज मराठीतच करावा. १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या शासकीय वापराची तरतूद आहे. आपण ती सभांतून सांगतो आणि अर्ज मात्र इंग्रजीत लिहितो. आम्हीसुद्धा त्यातलेच.

आणखी एक विनंती. जुन्या पेट्यांत, लग्नाच्या अल्बमांत त्या पुलावरचे फोटो असतील. वऱ्हाड पुलावरून चाललेले, मागे बार्ज उभी, असे. ते मंडळाकडे द्यावेत, प्रत काढून मूळ फोटो आठवड्यात परत करू. फोटोतल्या माणसांची नावे आणि साल मागे पेन्सिलीने लिहावे. आमच्या घरचा एक फोटो आज सोबत आणला आहे, सभा संपल्यावर टेबलावर ठेवतो. त्यात डावीकडून तिसरे गृहस्थ कोण, हे आमच्या घरात आता कोणालाच सांगता येत नाही.