क्षेत्रकार्याची वही कोणाच्या हातात?



समाजकार्य शिक्षणाचा इतिहास आपल्याकडे सांगितला जातो तो 1936 पासून. सर दोराबजी टाटांच्या नावाची पदव्युत्तर शाळा त्या वर्षी मुंबईत निघाली आणि क्लिफर्ड मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. हे सगळे बरोबर आहे. पण सोलापुरात बसून हा इतिहास सांगायचा तर आणखी एक पान उलटावे लागते. मॅनशार्ट ज्या अमेरिकन मराठी मिशनतर्फे भारतात आले, त्याच मिशनने सोलापूरच्या गुन्हेगार जमाती वसाहतीचा कारभार पाहिला होता. तारेच्या कुंपणाआड कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट, छप्परबंद अशा जमातींची कुटुंबे ठेवलेली. मोठ्यांना हजेरी चुकवता येत नसे, बाहेर पडायचे तर पास लागे, मजुरी या गावच्या कापड गिरण्यांत, आणि मुलांना शाळा. 1911 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर मुलांना आईबापांपासून तोडण्याचा अधिकारही सरकारला दिला होता. शाळा, रोजगार, व्यसनमुक्तीचा उपदेश, घरभेटी: आज आपण ज्याला पुनर्वसनाचा कार्यक्रम म्हणतो त्यातले जवळजवळ सगळे तिथे होते. फक्त ज्यांचे पुनर्वसन चालले होते त्यांना 'नको' म्हणायची सोय नव्हती.

मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. ज्या वस्त्यांत आपण विद्यार्थी पाठवतो, त्या वस्त्यांना अभ्यासक्रम ठरवण्यात, शिकवण्यात आणि विद्यार्थ्याला गुण देण्यात वाटा मिळत नाही तोवर आपले शिक्षण त्या वसाहतीच्या पद्धतीतून बाहेर पडलेले नाही. हा आरोप हेतूवर नाही. आपले विद्यार्थी कळवळ्याने जातात, मार्गदर्शकही कळवळ्याने पाठवतात. पण क्षेत्रकार्याची वही उघडून पाहा. कुटुंबप्रमुखाचे नाव, जात, उत्पन्न, व्यसन, भांडणे, मुलांची गळती, 'समस्या', 'उपाय', आणि शेवटी मार्गदर्शकाची सही. ज्या बाईच्या घराबद्दल हे लिहिले, तिने ते कधी वाचलेले नसते. तिला कोणी वाचूनही दाखवलेले नसते. वस्तीतून माहिती वर जाते आणि वर बसलेला माणूस शेरा मारतो. हजेरीच्या वहीतही माहिती याच वाटेने जात होती.

सोलापूरसारख्या गुन्हेगार जमाती वसाहतींचे मुंबई इलाख्यातले सर्वोच्च अधिकारी होते स्टार्ट नावाचे सनदी अधिकारी. पुढे दलित वर्ग आणि आदिम जमातींच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. डॉ. आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते आणि तिचा अहवाल 1930 साली आला. मागासवर्गीयांचे जे गट करायची आपल्याला सवय झाली आहे, त्यांची मुळे शोधताना हा अहवाल टाळता येत नाही. म्हणजे कुंपणाचा कारभार आणि कल्याणाची वर्गवारी ही दोन कामे एकाच माणसाच्या टेबलावर होती. आपल्या 'समाजकार्याचा इतिहास' या पेपरात जेन अ‍ॅडम्स येतात, शिकागो येते, इंग्लंडचा गरिबांविषयीचा कायदा येतो. त्याच वसाहतीचे नाव लावणाऱ्या सेटलमेंट फ्री कॉलनीतून रोज शहरात येणाऱ्या मुलीला मात्र आपल्या पत्त्यातला इतिहास त्या पेपरात सापडत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की आदिवासी आणि मूळ समाजांना धरून शिक्षण द्यायचे ते नंदुरबारला किंवा गडचिरोलीला. सोलापूर हे गिरण्यांचे, चादरींचे, विडीचे शहर. हा आक्षेप सरकारी यादी प्रमाण मानतो, आणि त्या यादीतच तर सारा घोळ आहे. लमाणी समाज इथे विमुक्त जातीत आहे, विजापूरला गेला की अनुसूचित जातीत आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत. कैकाडी विदर्भाच्या बहुतेक भागात अनुसूचित जातीत, सोलापुरात विमुक्त. पारधी मात्र महाराष्ट्रात अनुसूचित जमात. एका समाजाचे हक्क जिल्ह्याच्या सीमेवर बदलतात, आणि आपण शिकवतो की आदिवासी म्हणजे डोंगर आणि जंगल. भाषेचेही तसेच. सोलापूर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषांचे गाव, असे आपण कौतुकाने सांगतो. पण तमिळशी नाते सांगणारी कैकाडी, लमाणांची गोरमाटी, गुजरातीच्या वळणाची पारधी यांची त्यात मोजदाद नसते. समुपदेशनाचा सगळा पेपर प्रमाण मराठीत लिहून पास झालेला विद्यार्थी पारध्याच्या पालावर जाऊन 'मोकळेपणाने बोला' म्हणतो. मोकळेपणाने कोणत्या भाषेत, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

कागदाचे उदाहरण घेऊ, कारण या समाजांचे आयुष्य कागदाशीच अडते. महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांच्या जात दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 ही मानीव तारीख आहे. त्या दिवशी किंवा त्याआधी कुटुंब राज्यात राहत होते, याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांच्या आजोबांचा मुक्काम दर काही दिवसांनी हलत होता त्यांच्याकडे ना सातबारा, ना शाळा सोडल्याचा दाखला. मग कोतवाल बुकाची नक्कल कुठे मागायची, जन्म-मृत्यूची जुनी नोंद कोणत्या गावात निघेल, जत्रांचे वेळापत्रक धरून कुटुंबाचा माग कसा काढायचा, गृहचौकशीचा आग्रह कधी धरायचा, हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते त्या वस्तीतल्या चार जाणत्यांकडे असते. तहसील कचेरीत चपला झिजवून त्यांनी ते कमावलेले असते. त्यांना आपण 'माहिती देणारे' म्हणून वहीत नोंदवतो. माझ्या मते ते या विषयाचे प्राध्यापक आहेत आणि त्यांना तासिकेचे मानधन मिळायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो पुरोगामी मंडळींकडून येतो. समाजाच्या परंपरागत ज्ञानाला मान द्यायचा तर जातपंचायतीलाही द्यायचा का? कंजारभाट समाजातली कौमार्य चाचणी, वाळीत टाकणे, दंड, यालाही संस्कृती म्हणायचे का? नाही म्हणायचे. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा केला तो योग्यच केला. पण कौमार्य चाचणीविरुद्ध राज्यभर आवाज उठला तो कोणामुळे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. त्या समाजातलेच तरुण-तरुणी पंचांसमोर उभे राहिले. त्यांनी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. अन्यायाचे ज्ञान आणि प्रतिकाराचे ज्ञान, दोन्ही त्याच घरांत होते. वस्तीला वर्गात बोलावणे म्हणजे पंचांना बोलावणे, असा अर्थ जो काढतो त्याने वस्तीत पंचांखेरीज कोणी पाहिलेलेच नाही. न्यूझीलंडचा दाखला इथे उपयोगी पडेल. माओरी मुलांना घरातून काढून संस्थांत टाकण्याच्या सरकारी पद्धतीवर माओरींनी झोड उठवली. त्यानंतर 1989 च्या कायद्याने मुलाविषयीचा निर्णय विस्तारित कुटुंबाच्या बैठकीत घेण्याची रीत आणली. परंपरा कायद्यात आली, पण मुलाचे संरक्षण हा निकष सोडून आली नाही. तिथेही सगळे सुरळीत झाले असे नाही. पण प्रश्न विचारण्याचा हक्क कोणाला, हे तिथे बदलले.

व्यवसायाचे निकष सगळीकडे सारखे हवेत, नेट-सेटचा अभ्यासक्रम एकच असतो, हा तिसरा आक्षेप. त्याला फार वेळ देण्याची गरज नाही. समाजकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2014 साली मेलबर्नला व्यवसायाची जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात मूळ समाजांचे ज्ञान हा व्यवसायाचा एक आधार म्हणून सांगितला आहे. जागतिक निकषाची ज्यांना चिंता, त्यांनी तो निकष एकदा वाचावा.

आणखी एक शंका खरी आहे. कैकाडी विद्यार्थ्याने कैकाड्यांतच काम करायचे, पद्मशाली मुलीने विडी कामगारांतच, असे झाले तर आपण नवी कुंपणे घालू. म्हणून मी उलट सुचवतो. सेटलमेंटमधल्या विद्यार्थ्याला कुंभारीच्या विडी घरकुलात पाठवा, तेलुगू घरातल्या विद्यार्थिनीला पारधी वस्तीवर. ज्याच्या समाजाची आजवर केवळ पाहणी झाली तो दुसऱ्याच्या दारात वही घेऊन उभा राहील, तेव्हा काय विचारू नये हे त्याला इतरांपेक्षा आधी कळेल.

हे सोलापुरात शक्य आहे. 1 ऑगस्ट 2004 रोजी स्थापन झालेले आपले विद्यापीठ एकाच जिल्ह्याचे आहे, आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव ते मिरवते. पाच-सहा जिल्ह्यांच्या विद्यापीठाला जे जड जाईल ते इथे अभ्यास मंडळाच्या दोन-तीन बैठकांत होऊ शकते. केंद्रीय आयोगाचे अध्यक्ष म्हणून देशभरातल्या विमुक्त-भटक्यांचा प्रश्न 2008 च्या अहवालात मांडणारे बाळकृष्ण रेणके याच मातीतले. 'उपरा' आणि 'उचल्या' ही आत्मकथने मराठी विभागात नेमली जातात. समाजकार्याच्या संदर्भसूचीत ती असायला काय हरकत आहे? ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतले जातीय नियम रद्द करताना विमुक्तांवरच्या जन्मजात गुन्हेगारीच्या शिक्क्याची झाडाझडती घेतली. मुंबई इलाख्यात 1949 साली आणि देशात 1952 साली गुन्हेगार जमाती कायदा गेला, तरी शिक्का पुसलेला नव्हता, याची ही न्यायालयीन कबुली आहे. तो शिक्का आपल्या अहवालांच्या भाषेत किती उरला आहे, हे तपासायला न्यायालय येणार नाही. ते आपल्यालाच करायचे आहे.

अभ्यासक्रम बदलायला वेळ लागेल, मानधनाची फाईल फिरत राहील. पण एक गोष्ट येत्या सत्रापासून कोणाच्याही मंजुरीशिवाय करता येईल. क्षेत्रकार्य मार्गदर्शकांना माझी विनंती आहे: ज्या कुटुंबाबद्दल अहवाल लिहिला आहे, त्याला तो त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय आणि त्याच्या हरकती खाली लिहून घेतल्याशिवाय त्या वहीवर सही करू नका.