अंग पुसताना पाठ बघा

आम्ही पोशीरच्या बचत गटातल्या बायका बोलतोय.

गेल्या वर्षी भातलावणीच्या दिवसांत आमच्या गटातल्या एका ताईच्या सासूबाई लकव्याने अंथरुणाला खिळल्या होत्या. सकाळी पेज भरवून सगळे शेतावर जायचे, ते दुपारीच यायचे. सुनेला किती त्रास द्यायचा, म्हणून आजी गप्प राहायच्या. वास यायला लागला तेव्हा कूस बदलून पाहिलं, तर माकडहाडावर जखम! आम्हीही त्यांना भेटून आलो होतो. पण तोंड पाहिलं, चहा घेतला. पाठ कुणीच पाहिली नाही.

तेव्हा सिस्टरनी शिकवलं की अंग पुसणं ही नुसती स्वच्छता नाही, ती रोजची तपासणी आहे.

आधी आजीला विचारा, "आता अंग पुसू का?" दार लावा. चादर पांघरूनच एकेक भाग उघडा. कोमट पाणी आपल्या कोपरावर घेऊन बघा. डोळे नुसत्या पाण्याने, नाकाकडून कानाकडे पुसा. मग तोंड, हात, छाती, पाठ, पाय. लघवीची जागा शेवटी, वेगळ्या फडक्याने, पुढून मागे. मधे पाणी बदला. काखा, छातीखालची जागा, जांघा, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करा. दात नसले तरी हिरड्या रोज पुसा.

पुसताना माकडहाड, कमरेच्या दोन्ही बाजू, टाचा, कोपर आणि डोक्याची मागची बाजू बघा. लाल डाग बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर तो फिका पडत नसेल, तर जखमेची सुरुवात समजा. सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही. जागा काळपट, गरम किंवा कडक लागते का, ते हाताने चाचपा. तिथे चोळू नका. त्या जागेवरचा भार काढा आणि आशाताईंना सांगा. कातडी फाटली असेल तर हळद, राख लावत बसू नका, दवाखाना गाठा.

दर दोन तासांनी कूस बदलायची. लावणीत हे एकटीला कसं जमणार? म्हणून आम्ही गटात पाळ्या लावल्या. ताईच्या नवऱ्यालाही शिकवलं. आई त्याचीही आहे ना!

आजींची जखम भरेपर्यंत दिवाळी उलटली. तुमच्या घरी, शेजारी कुणी अंथरुणाला असेल, तर आज चहाच्या आधी त्यांची पाठ बघा.