उन्हाळ्याचे ते दोन महिने



बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत वाळूजच्या कारखान्यात राबलो असतो, तर पुढील वर्षाची फी निघाली असती. ते सोडून आम्ही पुण्यास संशोधनाची उमेदवारी करावयास गेलो. वडील आठ दिवस बोलले नाहीत!

नारायणगावाजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरांत पसरल्या आहेत. तिची निरीक्षणे तपासणे हे आमचे काम. तिसऱ्या आठवड्यात आलेखावर एक उंच टोक दिसले. काही नवे गवसले, असे समजून आम्ही घरीही कळविले. मार्गदर्शकांनी एवढेच विचारले, "तबकडी दुसरीकडे वळविल्यावरही ते दिसते काय?" दिसत होते. तो आकाशाचा संदेश नव्हे, विजेच्या तारांवरील ठिणग्यांचा उपद्रव होता.

आम्ही शास्त्रज्ञ झालो नाही. परंतु नोकरीच्या मुलाखतीत गुणपत्रिका बाजूस राहिली आणि या चुकीविषयीच अर्धा तास प्रश्न झाले. आज वाळूजलाच यंत्रांच्या कंपनांची मापे तपासतो. तोच प्रश्न रोज विचारावा लागतो.

आपला शिक्षणनिधी गुणांवर बक्षिसे देतो. ती अवश्य द्यावीत. मात्र सुट्टीतील मजुरीवर ज्याची फी अवलंबून आहे, त्याच्या अशा दोन महिन्यांची खानावळ व तेवढी फी निधीने उचलावी, अशी आमची सूचना आहे.